जर-तरचं इंग्रजी: आपल्या एका ‘असता’ला तिकडे दोन रूपं का लागतात?

गिरणाकाठ (पाचोरा)

नमस्कार मंडळी. पाचोऱ्याजवळच्या एका गावात मी संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. बहुतेक पोरं कपाशीवाल्या घरांतली. गेल्या आठवड्यात फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि इंग्रजी करून आणायला सांगितलं.

पाऊस पडला तर कापूस पिकेल.
पाऊस पडला असता तर कापूस पिकला असता.

निम्म्याहून जास्त वह्यांत पहिल्या वाक्याचं इंग्रजी होतं, ‘इफ इट रेन्ड, द कॉटन विल ग्रो.’ आणि दुसऱ्याचं, ‘इफ इट वॉज रेन्ड, द कॉटन वॉज ग्रोन.’ लाल पेन उचललं आणि तसंच ठेवून दिलं. इतक्या मुलांची चूक अगदी एकसारखी निघते तेव्हा ती निष्काळजीपणाची नसते. पोरं काहीतरी नियम पाळतायत, फक्त तो नियम मराठीचा आहे.

बघा ना. ‘काल पाऊस पडला’ आणि ‘उद्या पाऊस पडला तर’ या दोन्हींत क्रियापद एकच, पडला. उद्याच्या अटीलाही आपण भूतकाळाचंच रूप लावतो आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. म्हणून पोरांनी इमानदारीनं ‘रेन्ड’ लिहिलं. इंग्रजीत मात्र घडू शकणाऱ्या अटीला साधा वर्तमानकाळ लागतो: ‘इफ इट रेन्स, द कॉटन विल ग्रो.’ तिथे ‘रेन्ड’ म्हटलं आणि पुढे ‘वुड’ जोडलं, की ऐकणाऱ्याला वेगळंच कळतं: बोलणाऱ्याला पावसाची आशा फारशी नाही, तो नुसती कल्पना करतोय. भूतकाळाचं रूप तिथे कालचा दिवस दाखवत नाही, वास्तवापासूनचं अंतर दाखवतं.

दुसऱ्या वाक्यातला ‘असता’ तर सगळ्यात अवघड. असणे म्हणजे ‘बी’, म्हणून असता म्हणजे ‘वॉज’, असा पोरांचा हिशेब. हवं होतं ते, ‘इफ इट हॅड रेन्ड, द कॉटन वुड हॅव ग्रोन.’ म्हणजे वेळ निघून गेली, आता पडणार नाही.

गाइडमध्ये जर-तरच्या वाक्यांचे टाइप शून्य, एक, दोन, तीन असे चार खण करून दिलेत. पोरं ते पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात, पूर्ण मार्क घेतात. स्वतःचं एक वाक्य लिहा म्हटलं की पुन्हा ‘वॉज रेन्ड’. तुमच्यापैकी कुणी हे मराठीतून पोरांच्या गळी उतरवलंय का?

केळीबाग (रावेर)

नाना, मनं बी असंच व्हस. मी शिकवत नाही, केळीवाला आहे. पण या जर-तरनं मला एकदा चांगलंच अडवलं, म्हणून लिहितो.

आमची केळी आखातात जाते. तिकडच्या एका खरेदीदाराशी पहिल्यांदाच बोलणं चाललं होतं. त्याचा ॲडव्हान्स आलेला नव्हता आणि इकडे घड तयार. घड तयार झाला की तो थांबत नाही हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या डोक्यात होतं, ‘ॲडव्हान्स पाठवला तर गुरुवारी कंटेनर भरू.’ मेल लिहिताना वाटलं, जरा अदबीनं लिहावं, वुड-बिड घालावं. मी लिहिलं: ‘इफ यू हॅड सेंट द ॲडव्हान्स, वी वुड हॅव लोडेड द कंटेनर.’

दोन दिवस तिकडून काहीच नाही. शेवटी फोन केला तर तो म्हणाला, मला वाटलं तुम्ही माल दुसऱ्याला दिला आणि दोष माझ्यावर टाकताय. मी म्हटलं, अहो माल इथेच आहे, खोक्यांना हात लावून उभा आहे मी. तो कंटेनर एक आठवडा उशिरा गेला.

नंतर पुतणीनं मेल वाचला. म्हणाली, काका, तुम्ही विनंती केलीच नाही, तुम्ही हिशेब मिटवून टाकला. हवं होतं ते इतकंच: ‘इफ यू सेंड द ॲडव्हान्स बाय वेन्सडे, वी विल लोड द कंटेनर ऑन थर्सडे.’

माझा प्रश्न असा. ‘मी तुमच्या जागी असतो तर असं केलं नसतं’ हे वाक्य आपण व्यवहारात नेहमी वापरतो. याचं इंग्रजी ‘वुड नॉट डू’ की ‘वुड नॉट हॅव डन’? दोन जणांनी दोन उत्तरं दिली.

गिरणाकाठ (पाचोरा)

भाऊ, दोघंही बरोबर आहेत आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे.

समोरचा माणूस अजून काही करायचाय, तुम्ही आधीच सल्ला देताय, तर ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट डू धिस.’ त्यानं करून टाकलंय, तर ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट हॅव डन धिस.’ मराठीत दोन्ही वेळा ‘केलं नसतं’ म्हणून भागतं, कारण कशाबद्दल बोलणं चाललंय हे दोघांना ठाऊक असतं. आपला ‘असता’ एवढंच सांगतो की हे खरं नाही. कधीचं खरं नाही, आजचं की गेल्या सालचं, हे तो सांगत नाही. इंग्रजीला ते दर वेळी सांगावंच लागतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आजोबांवर निबंध लिहिला. तिची दहावीची पहिली चाचणी झाली, वर्गात पहिली आली, आणि आजोबा दोन वर्षांपूर्वी गेलेले. मराठीत तिच्या मनात होतं, ‘बापू असते तर आज खूश झाले असते.’ वहीत उतरलं, ‘इफ बापू वॉज अलाइव्ह, ही विल बिकेम हॅपी.’ मी तिला शेजारी बसवून विचारलं, बापूंचा आनंद कधीचा? ती म्हणाली, आजचा. मग इंग्रजीतही आजचा ठेवू: ‘इफ बापू वेअर अलाइव्ह, ही वुड बी हॅपी टुडे.’ मराठीत ‘झाले असते’ दिसतं म्हणून कुणीही ‘वुड हॅव बीन’ लिहील. पण तो आनंद आजच्या दिवसाचा आहे, म्हणून नुसतं ‘वुड बी’.

मग मी विचारलं, आणि सातवीत तुला बक्षीस मिळालं तेव्हा बापू गावाला गेले होते ना? तेव्हा ते इथे असते तर? तिनं जरा विचार केला आणि लिहिलं, ‘इफ बापू हॅड बीन हियर दॅट डे, ही वुड हॅव बीन हॅपी.’ स्वतःच्या घरातलं वाक्य होतं, म्हणून एका दमात जमलं.

भुसावळ_जंक्शन

रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. नातवाला मी हे गाडीवरून शिकवतो, तुम्हालाही उपयोग होईल.

गाडी फलाटावर लागलेली आहे, अजून हलली नाही. पळालात तर मिळेल. ‘इफ यू रन, यू विल कॅच इट.’

ती गाडी आपल्या मार्गावर नाहीच. असती तर बसलो असतो. ‘इफ देअर वेअर अ डायरेक्ट ट्रेन, आय वुड टेक इट.’ ही आजची कल्पना.

गाडी सुटली, शेवटचा डबा आउटर सिग्नलच्या पुढे गेला. आता पळून काय उपयोग? ‘इफ यू हॅड रन, यू वुड हॅव कॉट इट.’

आधी गाडी कुठे आहे ते बघायचं, मग क्रियापद. केळीवाल्या भाऊंची गाडी फलाटावरच होती, पण त्यांनी मेलमध्ये ती सुटल्याचं कळवलं.

आणखी एक. अट एका काळातली आणि परिणाम दुसऱ्या काळातला, असंही असतं. माझंच उदाहरण: ‘तरुणपणी खात्याची परीक्षा दिली असती तर आज पेन्शन जास्त असती.’ अट सुटलेल्या गाडीची, परिणाम आजचा. ‘इफ आय हॅड टेकन द एक्झाम, आय वुड हॅव अ बिगर पेन्शन नाऊ.’ गाइडवाले याला मिक्स्ड म्हणतात आणि शेवटच्या पानावर टाकतात, पण माणूस हळहळतो तेव्हा बहुतेक याच साच्यात हळहळतो.

आमच्या खात्याच्या जुन्या पत्रांत एक वेगळी धाटणी असायची. ‘हॅड द ड्रायव्हर सीन द सिग्नल’, ‘शुड यू रिक्वायर एनी फर्दर इन्फर्मेशन’. सुरुवातीला मला हे प्रश्न वाटायचे, प्रश्नचिन्ह विसरले की काय असं मनात यायचं. एका वरिष्ठांनी समजावलं: ‘इफ’ गाळलं की क्रियापद त्याच्या जागेवर येऊन उभं राहतं. ‘इफ द ड्रायव्हर हॅड सीन’ म्हणजेच ‘हॅड द ड्रायव्हर सीन’. हे तीन शब्दांनाच जमतं: हॅड, वेअर आणि शुड.

आपल्याकडे उलट आहे. बोलताना आपण ‘जर’ गाळतो आणि ‘तर’ धरून ठेवतो. ‘आलास तर बघू.’ इंग्रज ‘इफ’ धरतो आणि ‘देन’ सोडतो. नातवाच्या प्रत्येक वाक्यात ‘देन’ असायचं. व्याकरणाची चूक नाही ती, पण दर ओळीला ‘देन’ आलं की इंग्रजी मराठीच्या चालीनं चालायला लागतं.

पांझरा_ताई (धुळे)

मी नर्सिंगला आहे. सगळ्यांचं वाचून हिंमत आली, म्हणून विचारते.

एका दवाखान्यात ट्रेनिंगला असताना डिस्चार्ज कार्ड टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टरांनी हातानं लिहिलं होतं, ‘इट इज रेकमेंडेड दॅट द पेशंट टेक द टॅब्लेट आफ्टर मील्स.’ पेशंट एकवचनी, म्हणून मी ‘टेक’ला एस लावून ‘टेक्स’ केलं. डॉक्टरांनी तो एस खोडला. मला वाटलं त्यांचीच चूक आहे, पण विचारायची छाती झाली नाही. हे जर-तर नाही, पण याच कुळातलं आहे का?

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, हो, याच कुळातलं आहे. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मराठीच्या बाजूनं सांगते.

आपल्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. इंग्रजीत याला मूड म्हणतात. वरची सगळी चर्चा संकेतार्थाची झाली. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर विध्यर्थ आहे. ते वाक्य मराठीत म्हणून बघा: ‘रुग्णाने गोळी जेवणानंतर घ्यावी.’ ‘घेतो’ असं आपण तिथे म्हणू का? रुग्ण गोळी घेतो ही बातमी झाली. घ्यावी ही शिफारस झाली. इंग्रजीत ‘टेक्स’ म्हणजे घेतो आणि उघडं ‘टेक’ म्हणजे घ्यावी. तो एस बातमीचा आहे, म्हणून डॉक्टरांनी खोडला.

आपल्या लग्नपत्रिकेत ‘उपस्थित राहावे ही विनंती’ असतं ना, त्याच धाटणीचं ‘वी रिक्वेस्ट दॅट ही बी प्रेझेंट’. ‘इज’ नाही, ‘बी’. सजेस्ट, रेकमेंड, इन्सिस्ट, डिमांड, रिक्वेस्ट अशा क्रियापदांनंतर, किंवा ‘इट इज इसेन्शियल दॅट’, ‘इट इज इम्पॉर्टंट दॅट’ नंतर, कुणीतरी काहीतरी करावं असं म्हणायचं असेल तेव्हा हे रूप येतं.

‘इन्सिस्ट’वरून फरक फार स्वच्छ दिसतो. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही टेक्स द टॅब्लेट’ म्हणजे ती ठासून सांगते की तो गोळी घेतो. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही टेक द टॅब्लेट’ म्हणजे त्यानं गोळी घ्यावी असा तिचा हट्ट आहे. एका अक्षरानं बातमीचा हट्ट होतो. दवाखान्याच्या कागदावर हा फरक लहान नाही.

नकार कसा होतो तेही बघा, मला तो फार आवडतो. ‘रुग्णाने मीठ खाऊ नये.’ इथे आपण ‘नाही’ वापरत नाही, खास ‘नये’ आणतो. इंग्रजीही तिथे नेहमीचं ‘डज नॉट’ बाजूला ठेवते: ‘दॅट द पेशंट नॉट ईट सॉल्ट’. पहिल्यांदा कानाला तुटक लागतं, पण बरोबर तेच आहे. हे रूप अमेरिकेत जास्त चालतं. इंग्लंडमध्ये त्या जागी ‘शुड टेक’, ‘शुड नॉट ईट’ असं पुष्कळदा म्हणतात. आपल्या शाळांत ‘शुड’च जास्त शिकवतात, म्हणून उघडं ‘टेक’ पाहिलं की चूक वाटते.

आणि आशीर्वाद. ‘देव तुझं भलं करो’ यात ‘करतो’ नाही, ‘करो’ आहे. तसंच ‘गॉड ब्लेस यू’, ‘ब्लेसेस’ नाही. ‘काहीही होवो’ म्हणजे ‘कम व्हॉट मे’. इंग्रजी माणूस शिंकणाऱ्याला रोज ‘ब्लेस यू’ म्हणतो आणि हे व्याकरणाचं जुनं रूप आहे हे त्याच्याही ध्यानात नसतं. आपण तरी ‘कळावे, लोभ असावा’ लिहिताना कुठे विध्यर्थ आठवतो?

मेहरूण_अभ्यासिका (जळगाव)

स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. बाई, सर, ‘इफ आय वॉज’ की ‘इफ आय वेअर’? इंग्रजी मुलाखती ऐकतो तर लोक सर्रास ‘वॉज’ म्हणतात. पेपरात ‘वेअर’ बरोबर. आणि ‘आय’ एकटा, त्याला अनेकवचनी ‘वेअर’ कसं चालतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

गिरणाकाठ (पाचोरा)

दादा, ते ‘वेअर’ अनेकवचनी नाहीच. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ९०० वर्षांपूर्वीपर्यंत, कल्पनेच्या वाक्यांसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती, एकवचनालाही स्वतःचं. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले आणि बहुतेक क्रियापदांत ही रूपं साध्या भूतकाळात मिसळली. ‘बी’ या क्रियापदात मात्र एक उरलं, ते हे ‘वेअर’. दिसायला ‘दे वेअर’मधल्यासारखं, म्हणून गैरसमज होतो.

बोलण्यात ‘इफ आय वॉज’ खूप चालतं आणि त्यासाठी कुणाला हसू नये. पेपरात, अर्जात, पत्रात ‘वेअर’ लिहा. ‘इफ आय वेअर यू’ तर बोलतानाही बहुतेक जण तसंच म्हणतात.

पण उलटी चूक जास्त वाईट. ‘वेअर’ शिकलेली पोरं प्रत्येक ‘इफ’ला ‘वेअर’ लावतात. ‘काल तो मार्केट यार्डात असेल तर त्यानं भाव ऐकलाच असेल.’ हे खरंच घडलेलं असू शकतं, आपल्याला माहीत नाही इतकंच. इथे ‘इफ ही वॉज ॲट द यार्ड यस्टरडे’ हेच बरोबर. कालच्या गोष्टीला मराठीत ‘असेल’ आला तर ‘वॉज’, ‘असता’ आला तर ‘वेअर’ किंवा ‘हॅड बीन’. ही खूण पेपरात उपयोगी पडेल.

केळीबाग (रावेर)

मग ‘होप’ आणि ‘विश’? मी दोन्ही ‘इच्छा आहे’ म्हणून लिहितो.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, ‘होप’ फलाटावरच्या गाडीला. ‘आय होप इट रेन्स.’ पाऊस येऊ शकतो, वाट बघतोय. ‘विश’ हाती नसलेल्या गाडीला. ‘आय विश इट वेअर रेनिंग’ म्हणजे आत्ता पडत असता तर किती बरं. ‘आय विश इट हॅड रेन्ड इन ऑगस्ट’ म्हणजे ऑगस्ट गेला तो गेला. ‘आय विश इट विल रेन’ कधीच नाही. आभाळाकडे बघून कंटाळलेला माणूस ‘आय विश इट वुड रेन’ म्हणतो.

‘इफ’वाल्या अर्ध्या वाक्यात ‘वुड’ शक्यतो नको. ‘इफ आय वुड हॅव नोन’ ही आपल्याकडे फार दिसणारी चूक. मराठीत दोन्हीकडे ‘असता’ येतो, म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ पेरतो. अटीकडे ‘हॅड’, परिणामाकडे ‘वुड हॅव’. अपवाद नम्र विनंतीचा: ‘इफ यू वुड साइन हियर’, म्हणजे ‘इथे जरा सही कराल का’.

पांझरा_ताई (धुळे)

बाई, तुमचं वाचून मी ते कार्ड आठवून परत लिहून बघितलं. ‘टेक’ आता चुकीचं दिसत नाही. वॉर्डातल्या दोन मैत्रिणींनाही ‘घ्यावी’ म्हणून दाखवलं, त्यांना लगेच कळलं. एकीनं विचारलं, ‘अनलेस’चं काय? ‘ताप उतरत नाही तोपर्यंत उठू नका’ याचं तिनं ‘अनलेस द फीवर डज नॉट गो डाउन’ केलं होतं.

बोरीकाठ (अमळनेर)

‘अनलेस’च्या पोटातच ‘नाही’ आहे, म्हणून ‘डज नॉट’ काढा. मराठीत ‘उतरल्याशिवाय’ म्हणून बघायचं, ‘शिवाय’ आला की दुसरा ‘नाही’ आपोआप गळतो. पण तुमच्या वाक्यात ‘तोपर्यंत’ आहे, तिथे ‘अंटिल’ जास्त बरं: ‘डू नॉट गेट अप अंटिल द फीवर गोज डाउन.’

गिरणाकाठ (पाचोरा)

काल वर्गात टाइप एक-दोन-तीन फळ्यावरून पुसून टाकले आणि भुसावळच्या काकांची गाडी काढली. मग तेच पावसाचं वाक्य पुन्हा दिलं, पण म्हटलं, आधी महिना सांगा.

पोरं गप्प. मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. घरी पाच एकर कपाशी आहे तिच्या, सगळी कोरडवाहू. ती म्हणाली, सर, जूनमध्ये पावसाआधीच कोरड्या जमिनीत धूळपेरणी केली आणि पाऊस लांबला, तर वडील म्हणतात ‘पडला तर पिकेल’. तेव्हा बी जमिनीत जिवंत असतं. म्हणून ‘इफ इट रेन्स, इट विल ग्रो’. दिवाळीला वेचणीच्या वेळी झाडाला चारच बोंडं दिसली की ते म्हणतात ‘ऑगस्टात पडला असता तर पिकला असता’. तेव्हा ‘हॅड रेन्ड’ आणि ‘वुड हॅव ग्रोन’.

मी विचारलं, आणि मधलं? ‘वुड ग्रो’ कधी?

ती बाकाच्या कडेवर बोट फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, आमच्या शेतात विहीर नाही. असती तर आम्ही केळी लावली असती. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, ‘इफ वी हॅड अ वेल, वी वुड ग्रो बनानाज.’

रावेरच्या भाऊ, तिला ड्रिपवरच्या केळीबद्दल काही विचारायचंय. तुमच्याकडे आलो तर बाग दाखवाल का? येत्या रविवारी पोरांना घेऊन निघायचा विचार आहे.

केळीबाग (रावेर)

या नाना. सकाळी लवकर या, दुपारी ऊन फार होतं. जेवण इकडेच, भरीत-भाकरी. सगळ्या पोरांना घेऊन या.